पडलेली शिंगं, सेजब्रशचे उतार आणि माझी १० बाय ४२ दुर्बीण

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारांवर हरणांची गळून पडलेली शिंगं शोधायला जायचं असेल, तर सव्वादोनशे डॉलरच्या आसपास मिळणारी १० बाय ४२ दुर्बीण पुरते. हजार डॉलरची लागत नाही. मात्र तिला छातीवर बांधायचा पट्टा हवा, आणि खाली तिपाई नसेल तर निम्मे पैसे वाया गेले असं समजा. चष्मा असेल तर खरेदीआधी मी पुढे काय लिहिलंय ते वाचा, कारण माझी मुख्य तक्रार तिथेच आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत चार-पाच कंपन्यांच्या दुर्बिणी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की एकीला शिव्या घालून दुसरीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. माझ्या तक्रारी थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतील.

आता हा काय प्रकार आहे ते थोडक्यात. आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्याच्या उत्तर टोकाला, लोगनला राहतो. गावाच्या पूर्वेला बेअर रिव्हर रेंज, पश्चिमेला वेल्सव्हिलचे डोंगर. हिवाळ्यात वर बर्फ साचलं की म्यूल डिअर, म्हणजे मोठ्या कानांची इथली हरणं, खालच्या टेकड्यांवर उतरतात आणि वसंत येईपर्यंत सेजब्रश, बिटरब्रश असली झुडपं खाऊन दिवस काढतात. माजाचा हंगाम संपला की नरांच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं, शिंगाच्या बुडाशी कवटीला जोडणारा हाडाचा थर पेशी पोखरून काढतात, आणि एक दिवस शिंग आपोआप गळून पडतं. म्यूल डिअरचं बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये, एल्कचं, म्हणजे त्याहून मोठ्या हरणाचं, थोडं उशिरा, मार्च-एप्रिलमध्ये. मग वसंतात नवीन शिंग मखमली कातडीखाली वाढायला लागतं. गाईबैलांसारखं कायमचं शिंग नव्हे हे. दर वर्षी नवं हाड. बर्फ वितळलं की ही पडलेली शिंगं शोधायला इथे लोक अक्षरशः झुंबड करतात. कुणी भिंतीवर लावतं, कुणी चाकूच्या मुठी करतं, कुणी कुत्र्यांना चघळायला म्हणून वजनावर विकतं.

आमच्याकडे हे खूळ नवऱ्याने आणलं. त्यांची पद्धत एकच: चालायचं. सकाळी सुरुवात केली की टेकडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. माझे गुडघे त्या पद्धतीला तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही ती पद्धत कधी पटली नाही. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, सगळं आयुष्य गुरं राखण्यात गेलेले. ते म्हणतात, शिंग हलत नाही, मग तुम्ही कशाला हलता? एका जागी बसा, समोरचा उतार नीट बघा, दिसलं तर उठा. त्यांच्याकडे कित्येक वर्षं जुनी, कातडी पट्टा झिजलेली दुर्बीण आहे. तीच बघून मी माझी घेतली.

तर दुर्बीण. १० बाय ४२ मधले १० म्हणजे दहा पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात बहुतेक जण ८ बाय ४२ आणि १० बाय ४२ यांत अडकतात. ८ ची बाजू घेणारे म्हणतात की चित्र हलत नाही, समोरचा जास्त रुंद पट्टा एका वेळी दिसतो, उजेड जास्त मिळतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या १० पटीच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण ११० मीटरचा पट्टा दिसतो, ८ पटीच्यातून १३० च्या आसपास. म्हणजे अडीचशे मीटरवरचा उतार बघताना मला एका वेळी जेमतेम २७ मीटर दिसतात. पण शिंग शोधताना हे अपुरेपण मला बरंच वाटतं. रुंद पट्टा दिसला की नजर पळते, अरुंद असला की जिथे आहे तिथे थांबते.

उजेडाचं गणितही बघा. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४२ भागिले १० म्हणजे ४.२ मिलिमीटर, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. तरुण माणसाची बाहुली अंधारात सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वय वाढेल तशी ती कमी उघडायला लागते. माझी पन्नाशी उलटलीय. ८ बाय ४२ मधला जास्तीचा उजेड माझ्या डोळ्यात शिरायला जागाच किती उरलीय? तेव्हा त्या कारणासाठी मी तरी ८ घेणार नाही. पंचविशीतल्या पोरांनी घ्यावी.

हात हलण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. दहा पटीत हृदयाचे ठोकेसुद्धा दिसतात, चढ चढून आल्यावर तर विचारूच नका. म्हणून तिपाई. बहुतेक दुर्बिणींच्या पुढच्या बाजूला, दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीवर एक छोटं टोपण असतं. ते फिरवून काढलं की आत आटे दिसतात. त्यात एक जोडपट्टी बसवून दुर्बीण कॅमेऱ्याच्या साध्या तिपाईवर उभी करता येते. माझी जोडपट्टी वेगळी विकत घ्यावी लागली, खोक्यात नव्हती. इतक्या किमतीत ती द्यायला काय हरकत होती? असो. तिपाईवर लावल्यावर ही दुर्बीण वेगळीच वस्तू होते. हातात धरून ज्या उतारावर मला काहीही दिसलं नव्हतं, त्याच उतारावर घडीच्या खुर्चीत बसून बघितल्यावर एका दगडामागे बसलेली हरणी अगदी स्पष्ट दिसली, कान हलवत. ती तिथे आधीपासूनच असणार.

आता बघायचं कसं, कारण नुसती दुर्बीण घेऊन भागत नाही. आई तांदूळ निवडायची तशी मी उतार निवडते. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग थोडं खाली, उजवीकडून डावीकडे दुसरी ओळ, मागच्या ओळीवर थोडी चढवून. प्रत्येक चित्रावर मनात पाच आकडे. उतार कोणता निवडायचा हेही ठरलेलं: दक्षिणेकडे तोंड असलेला. तिथे ऊन आधी येतं, बर्फ आधी वितळतं, हिवाळ्यात हरणं ऊब घ्यायला तिथेच बसतात. त्याशिवाय कुंपणं बघायची. कुंपणावरून उडी मारताना सैल झालेलं शिंग झटक्याने पडतं, असं सगळे म्हणतात आणि मला ते पटतं. मग चरायच्या जागा आणि बसायच्या जागा यांना जोडणाऱ्या पायवाटा.

पूर्ण शिंग कधीच दिसत नाही. दिसतं ते एखादं टोक, किंवा दोन फाट्यांमधला कंस. सेजब्रशची फांदी करडी असते, साल सुटलेली, जागोजागी मोडलेली. शिंगाला साल नसते आणि त्याचं वळण कुठेही अचानक तुटत नाही. एकदा डोळ्याला हे कळलं की झुडपातल्या शंभर काटक्यांमधून तेवढं एकच वळण पुढे येतं. ढगाळ दिवस यासाठी उत्तम. लख्ख उन्हात सावल्यांचे इतके फाटे पडतात की प्रत्येक झुडपात शिंगच दिसतं. दुपारी तर दुर्बीण पिशवीत घालून डबा खावा. तापलेल्या उतारावरून हवा थरथरत वर येते, आणि दहा पटीत ती थरथरही दहा पट होते. दोन हजार डॉलरच्या दुर्बिणीलाही यावर उपाय नाही.

एक प्रसंग सांगते, म्हणजे वस्तू कशी चालते ते कळेल. मी कड्यावर खुर्चीत, अहो समोरच्या उतारावर. मला सेजब्रशच्या बुडाशी एक फिकट टोक दिसलं. फोन लावला.

"अहो, जरा डावीकडे."

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"तुमच्या. त्या वाकड्या ज्युनिपरच्या खाली. अजून थोडं. थांबा, तुम्ही पुढे गेलात."

"अगं इथे काही नाही, नुसती लाकडं आहेत."

"तुमच्या उजव्या बुटाजवळ बघा."

मग बराच वेळ फोनवर नुसता वारा ऐकू आला. दुर्बिणीत मला ते वाकलेले दिसत होते. त्यांनी शिंग उचलून डोक्यावर धरलं, तरी माझ्याकडे बघितलं नाही. चालणाऱ्या माणसाला बसलेल्या माणसाने जिंकणं आमच्या घरात सहज पचत नाही.

ते शिंग खाली आणलं तेव्हा नीट बघितलं. पाऊण किलोच्या आसपास असेल. रंग मधासारखा तपकिरी, म्हणजे याच वर्षाचं. उन्हात राहिलेलं पांढरं पडतं, आणखी वर्षांनी खडूसारखं होऊन भेगाळतं. बुडाशी खडबडीत कडं, त्याच्या खाली किंचित फुगीर, रवाळ चकती, जिथे ते डोक्याला चिकटलेलं होतं. तिच्या कडेला सुकलेल्या रक्ताची तांबूस रेघ. कड्याच्या वर बोटभर भागात मोत्यासारखे उंचवटे, आणि टोकं झाडांवर घासून घासून गुळगुळीत, जवळजवळ पांढरी. मला दुर्बिणीत दिसलं होतं ते हेच टोक. एका फाट्यावर बारीक, समांतर ओरखडे होते. उंदरांचे दात. शिंगात कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं, म्हणून उंदीर, खारी, साळिंदरं ती कुरतडतात. उशीर केला की तुमच्या आधी त्यांची पंगत बसून गेलेली असते.

म्यूल डिअरचं शिंग ओळखायला सोपं. मुख्य दांडा दोनांत फुटतो, आणि मग प्रत्येक फाटा पुन्हा दोनांत. त्याची जोडी जवळपास असेलच असं नाही. कधी दोन्ही शिंगं एका जागी पडतात, कधी दुसरं दिवसांनी, मैलभर लांब.

आता तक्रारी. चष्मा. खोक्यावर डोळ्यापासूनचं अंतर १५ मिलिमीटर लिहिलंय. म्हणजे भिंगापासून डोळा तेवढ्या अंतरावर असला तरच पूर्ण चित्र दिसतं. माझ्या चष्म्याची काच आणि डोळा यांच्यातच त्यातलं बरंच अंतर संपतं, त्यामुळे रबरी वाट्या पूर्ण खाली फिरवूनही चित्राभोवती काळं कडं राहतं आणि दुर्बीण चष्म्यावर दाबून धरावी लागते. संध्याकाळपर्यंत नाकावर खूण पडते. चष्म्यावाल्यांनी १७-१८ मिलिमीटरच्या खालची घेऊच नये. चष्मा काढून बघता येतं, फोकस तेवढं सांभाळून घेतो, पण मग दुर्बीण खाली घेतली की समोरचा डोंगर धूसर, नकाशा दिसत नाही, आणि चष्मा कुठे ठेवला हा नवा शोध सुरू.

कडेचं चित्र मऊ पडतं. मधला भाग स्वच्छ, पण शेवटच्या पट्ट्यात झुडपांच्या फांद्या एकमेकांत मिसळतात. महागड्या दुर्बिणीत हे खूपच कमी असतं, मी आजोबांच्या मुलाची घेऊन बघितलीय. पण तांदूळ निवडायच्या पद्धतीत मधलाच भाग कामाचा, त्यामुळे यासाठी मी जादा आठशे डॉलर मोजणार नाही. बर्फाच्या काठावर जांभळट किनार दिसते, तीही चालवून घेते.

फोकसचं चाक थंडीत जड होतं. पहाटे हातमोजा घालून फिरवताना एकदम खूप फिरतं किंवा अजिबात फिरत नाही. ऊन वर आलं की ठीक.

डोळ्याकडची एक वाटी पहिल्याच हंगामात सैल झाली. आजन्म हमी आहे म्हणून पाठवली. दुरुस्ती फुकट, बदलून आलेली वाटी पक्की बसलीय. पण पाठवायचा खर्च माझा, आणि परत आली तेव्हा टेकड्या हिरव्या होऊन गवत गुडघाभर झालं होतं. आजन्म हमीत माझा एक एप्रिल गेला. काही सैल वाटत असेल तर शरद ऋतूतच पाठवून मोकळे व्हा.

आत नायट्रोजन भरलाय, त्यामुळे आतून धुकं धरत नाही, हे खरं निघालं. बाहेरून मात्र धरतंच. उणे तापमानात गार झालेली दुर्बीण हीटर लावलेल्या उबदार गाडीत आणली की भिंगांवर लगेच दव धरतं. भिंगावर तुमचा श्वास बसतो तोही वेगळा. माझी गाडीच्या मागच्या डिकीत थंडच ठेवलेली असते.

छातीवरचा पट्टा वेगळा घेतला, पन्नासेक डॉलरचा. हार्नेस म्हणतात. खांद्यांवरून चार पट्टे, छातीवर डबी, तिच्यात दुर्बीण. मानेवर वजन येत नाही. साधारण सहाशे ग्रॅम दिवसभर मानेवर टांगून बघा, मग कळेल. चढताना दुर्बीण दगडावर आपटत नाही, दोन्ही हात काठ्यांना मोकळे. वाईट काय, तर झाकण व्हेल्क्रोचं आहे. शांत उतारावर ते उघडताना जो टर्रर्र आवाज होतो, त्याने दोनशे मीटरवरचं हरीण मान वर करतं. चुंबकवाली डबी मिळते, ती घ्या. तिच्यात धातूचा बारीक कचरा चिकटतो असं म्हणतात, पण हरणं तरी दचकणार नाहीत.

आणि ही दचकण्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण माझ्या मते दुर्बिणीचा खरा उपयोग इथे आहे. हिवाळ्याच्या शेवटी ही हरणं अंगावरच्या चरबीवर जगत असतात. ती संपत आलेली असते, आणि नवं गवत अजून उगवायचं असतं. अशात माणूस दिसला की ती धावतात, बर्फातून, चढावर. एका धावण्याने मरत नाहीत, पण दर शनिवारी कुणी ना कुणी शिंगांसाठी त्याच उतारावर हिंडत असेल तर? युटात यासाठी वन्यजीव विभागाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. फुकट आहे, वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत शिंगं गोळा करायची तर तो पूर्ण करून प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं. चहा संपेपर्यंत होतो, आणि प्रश्न मुद्द्याचे आहेत. २०२३ मध्ये तर हिवाळा इतका कडक होता की फेब्रुवारीपासून ३० एप्रिलपर्यंत सगळ्या राज्यात शिंगं गोळा करायलाच बंदी घातली होती. त्या वर्षी हायवेच्या कडेला पाय फरफटत चालणारी हरणं बघितल्यावर बंदीबद्दल मी एकदाही कुरकुर केली नाही.

दुर्बीण असली की पायथ्याशी गाडी उभी करून आधी उतार बघता येतो. हरणं बसलेली आहेत? मग आज नाही. एकदा असाच बघताना एक नर दिसला, डोक्यावर एकच शिंग, दुसऱ्या बाजूला नुसती तांबडी खूण. म्हणजे एक शिंग तिथेच कुठेतरी ताजं पडलेलं. अहो गाडीचं दार उघडून उभे. मी म्हटलं, "बसा आत. त्याचं दुसरंही पडू दे निवांत." बसले. तोंड जरा पडलं, पण बसले. नंतर कधी गेलो, काय मिळालं, ते इथे महत्त्वाचं नाही. सांगायचं हे की दुर्बीण नसती तर तो नर आम्हाला पळताना दिसला असता.

शेजारच्या वायोमिंग राज्यात नियम आणखी कडक. तिथे पश्चिम भागातल्या सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंग उचलायचंच नाही. १ मेला सकाळी ६ वाजता मोकळीक, आणि बाहेरच्या राज्यातल्यांना त्यानंतरही आठवडाभर थांबायचं. नॅशनल पार्कमध्ये, म्हणजे यलोस्टोन असो की ग्रँड टेटन, वर्षभर कधीच नाही. पडलेलं शिंग तिथेच राहू द्यायचं. इथे आमच्याजवळही काही राखीव कुरणं हिवाळाभर बंद असतात, फाटकावर तारीख लिहिलेली असते, ती वाचायची. खासगी जमिनीवर मालकाला विचारायचं. आणि कवटीसकट शिंग सापडलं तर आधी हात लावायचा नाही, फोटो काढायचे. चोरटी शिकार वाटली तर विभागाला कळवायचं. यासाठी फोनवर जमीनमालकी दाखवणारा नकाशा आधीच उतरवून ठेवा, घळीत गेलात की रेंज जाते.

चालायचंच नसेल, नुसतं शिंग हवं असेल, तर मे महिन्यात वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाला जा. तिथे १९१२ सालापासून नॅशनल एल्क रेफ्यूज, म्हणजे एल्कसाठी राखलेलं अभयारण्य आहे, हिवाळ्यात हजारो एल्क येतात. आत जाऊन शिंगं उचलायला आपल्याला मनाई. स्काउटची मुलं ती गोळा करतात आणि गावच्या चौकात लिलाव होतो, १९६८ पासून. पैशाचा मोठा वाटा त्याच रेफ्यूजला परत जातो. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर शिंगांच्या कमानी आहेत, पहिली १९५३ सालची. एकेका कमानीत साधारण दोन हजार शिंगं. फोटो काढायला रांग असते, सकाळी लवकर जा.

गेल्या खेपेला धाकटे दीर आले होते. सगळं बघून झाल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, एक घेऊन जाऊ का घरी? आजीकडे सांबरशिंग असायचं ना, कफ झाला की उगाळून छातीला लावायची." असायचं, मलाही आठवतं, सहाणेवरचा तो करडा लेप आणि त्याचा वास. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे, भारतात, सांबर-चितळाचं शिंग, जंगलात पडलेलं मिळालं तरी, उचलून घरी ठेवता येत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, मुंबई विमानतळावर हे शिंग युटातलं की मेळघाटातलं, हे तुम्ही कस्टमच्या माणसाला समजावत बसणार का?" त्यांनी फोटो काढला आणि शिंग परत फळीवर ठेवलं.

दुर्बिणीसोबत आणखी काय लागतं असं विचाराल तर मी गोचिडांचं नाव आधी घेईन. वसंतात सेजब्रशच्या टोकांवर त्या वाट बघत बसलेल्या असतात. पँटचे पाय मोज्यांत खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे दिसतात, घरी आल्यावर केसांच्या मुळापर्यंत तपासा. बसून बघणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा कमी चिकटतात, हाही माझ्या पद्धतीचा एक फायदा. मे लागला की सापही बाहेर पडतात, खुर्ची ठेवण्याआधी खालचा दगड हलवून बघा.

दुर्बीण कुणी घेऊ नये? ज्यांना झाडीत शोधायचंय त्यांनी. पूर्वेकडच्या राज्यांत व्हाइटटेलची, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिंगं शेतांच्या कडेला, दाट झाडीत पडतात. तिथे पन्नास मीटरपलीकडे दिसतच नाही, चालण्याशिवाय गत्यंतर नाही. तिथे हलकी ८ बाय ३२ खिशात टाका आणि पैसे बुटांवर खर्च करा. कुत्रा शिकवून शिंगं शोधणारेही आहेत, त्यांना तर काहीच नको. पण समोर उघडा उतार आणि मधे घळ असेल, तर १० बाय ४२.

खरेदीला जाल तेव्हा दुकानातल्या दिव्याखाली बघून ठरवू नका, तिथे सगळ्याच छान दिसतात. संध्याकाळी जा, दुर्बीण घेऊन दाराबाहेर उभे राहा आणि लांबच्या छपराच्या सावलीतल्या कडेकडे बघा. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरच्या कड्याने उजव्याचं. हे न करता दुर्बीण वाईट आहे म्हणणारे खूप भेटलेत मला. चष्मा असेल तर घालूनच बघा, काळं कडं दिसलं तर ती परत ठेवा, सवय होईल असं दुकानदार म्हणेल पण होत नाही. आणि बाहेर न्यायलाच देत नसेल तर दुसरं दुकान बघा.